सारंगांच्या चिरुटांची पेटी

मी एक पेटी बोलतेय. पेटी म्हटलं की लोकांना दागिने आठवतात, नाहीतर भजनातली हार्मोनियम. मी त्यांतली नव्हे. मी चिरूट ठेवायची पेटी. शहरातली माणसं चिरुटाला सिगार म्हणतात. आचऱ्यासारख्या गावात असल्या पेटीचं काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो मलाही पडतो, आणि दुसरा काही उद्योग नसल्यामुळे जरा जास्तच पडतो.

मी एका गरजेतून जन्मले. गरज नक्की कुणाची, ते सांगायचं तर आधी घर सांगावं लागेल.

घर परशुराम सारंगांचं. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. ते खलाशी म्हणून मालवाहू जहाजावर चढले आणि सारंग होऊन उतरले. गाव अजून त्यांना सारंगच म्हणतं. कुठल्याशा परक्या बंदरात एका कप्तानाने त्यांच्या हातात चिरूट ठेवला, तेव्हापासून संध्याकाळी एक, हा नेम. पुढे जहाज सुटलं, चिरूट सुटला नाही. त्यांचे जुने सोबती धोंडू गोव्यात राहतात, ते येता-जाता पुडकी आणून देत. दिवेलागणीआधी सारंग पडवीत आरामखुर्ची ओढत, पाय वर घेत, आणि मग कुणी त्यांना हाक मारत नसे. वर्षानुवर्षं घराबाहेर राहिलेल्या माणसाला घरात एवढी एक जागा हवी, असं घराने न बोलता ठरवून टाकलं होतं.

चिरूट तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी धरे. सारंगांच्या पत्नी सुभद्राबाई यांच्याकडे दमट वस्तूला एकच औषध, ऊन. उघडीप मिळाली की त्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, सुपं मांडत. एका सुपात सुके बांगडे, एकात कोकमाची सोलं, एकात चिरूट. संध्याकाळपर्यंत चिरुटांची पानं तडकत आणि त्यांना बांगड्यांचा वास लागे. सारंग तेही ओढत. समुद्रावर याहून वाईट खाल्लंय, म्हणत. चिरुटाचं टोक ते बायकोच्या अडकित्त्याने कापत, आणि मग सुभद्राबाईंना सुपारी कडू लागे. चिरुटावरून त्या घरात भांडण व्हायचं ते एवढंच.

मग अक्षयाचा श्वास वाजू लागला.

अक्षया ही सारंगांची नात, नुकतं बोलायला लागलेली. झोपेत तिच्या छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज येई. मालवणच्या डॉक्टरांनी वाफेचं औषध द्यायचं मशीन घ्यायला लावलं आणि सांगितलं, घरात धूर नको. चुलीचा नको, उदबत्तीचा नको, कसलाच नको. मुलीच्या आईने, संचिताने, घरी आल्या आल्या उदबत्ती बंद केली. आंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या दारापलीकडे हलवली. मच्छरांची अगरबत्ती केरात टाकली. उरला तो पडवीतला धूर. पडवी आणि अक्षयाची झोपायची खोली यांच्यामध्ये एक खिडकी, आणि ती कधीच नीट लागत नसे.

संचिता तळेऱ्याच्या अलीकडच्या काजूवाल्या गावातली. सायन्स शिकलेली. औषधाच्या बाटलीतला कागद दोनदा वाचणारी, आणि वाचला म्हणून आणखी काळजी करणारी. तिने नवऱ्याला सांगितलं. सर्वेशचं तळेऱ्याला पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. सकाळी जातो, काळोख पडल्यावर येतो. तो म्हणाला, उद्या बोलतंय बाबांशी. त्याचा उद्या काही उगवला नाही. बापाच्या तोंडावर त्याला आयुष्यात "जेवलात?" याच्यापुढे वाक्य सुचलेलं नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, पोरीला वारं बाधलंय, नाहीतर दृष्ट. राहिली संचिता. ती खोबरं किसता किसता मनात वाक्य जुळवी, पदर सावरून पडवीत जाई, आणि म्हणे, "बाबा, एक सांगू?" ते वर बघत. मग ती विचारी, चहा ठेवू का.

त्या महिन्यांत सारंगांना फार चहा मिळाला.

एकदा मुलीला मांडीवर झोपवून ती फोनवर शोधत होती, की तंबाखूचा धूर खोलीत किती वेळ टिकतो. फोनला वाटलं, बाईंना सिगारची आवड आहे. तो तिला दुकानं दाखवू लागला: सिगार ओढणाऱ्याकडे असायलाच हव्यात अशा वस्तू. ती चिडली. मग वाचत बसली. त्या सगळ्या पानांवर एक गोष्ट सारखी होती. सिगारची पेटी उन्हापासून, स्वयंपाकघरापासून, उग्र वासापासून लांब, स्वतंत्र जागी ठेवावी. ते वाचून तिचं बोट थांबलं. घरामागे माडांच्या बागेत मांगर होता, पूर्वी गुरांचा, आता नारळाची सोडणं आणि जुनी जाळी ठेवायचा. चिरुटांना तिथे मानाची जागा दिली, तर चिरुटांमागून माणूसही तिथे जाईल. कुणाला काही बोलावं लागणार नाही.

म्हणजे मी.

तिने निवड फार मन लावून केली, हे मला सांगितलंच पाहिजे. चामड्याचं पाकीट तिने लगेच सोडलं. आमच्याकडे चामड्याला आठवड्यात बुरशी येते. काड्यापेटी सादळते, म्हणून गॅसचा लायटर घेतला. पेट्रोलचा नको, त्याचा वास पानाला लागतो असं तिने कुठेतरी वाचलं होतं. टोक कापायला दोन पात्यांचं छोटं कटर, म्हणजे सासूबाईंचा अडकित्ता सुटेल. ॲशट्रे जड दगडी, वाऱ्याने न उलटणारा, चिरूट टेकवायला खाच असलेला. आणि हवेतला ओलावा दाखवणारा काट्याचा गोल. सगळीकडे लिहिलं होतं की पेटीत ओला स्पंज ठेवा, पान सुकायला नको. ती एकटीच हसली. श्रावणात कोकणात पेटीत पाणी ठेवा म्हणणाऱ्याने कोकण पाहिलेलं नसणार. स्पंज तिने एप्रिल-मेसाठी राखून ठेवला. उरली पेटी. ती विकत मिळाली असती, पण तिला वाटलं, इथल्या हाताची असेल तर बाबा नाही म्हणणार नाहीत.

सावंतवाडीला चितारआळीत चंदन नावाचा कारागीर आहे. लाकडाची फळं, बैलगाड्या, चौरंग करणाऱ्या घरातला. तूण नावाचं तांबूस, मंद वासाचं लाकूड असतं, त्याच्या वाटेला वाळवी सहसा जात नाही. त्या लाकडातून त्याने मला घडवलं. सांधे असे जुळवले की झाकण पडताना आतली हवा उसासा टाकल्यासारखी बाहेर जाई. मी स्वतःवर खूश होते. तोही होता. इतका, की त्याने मला आतूनही लाखेच्या लाल रंगाने रंगवलं आणि कडेने पिवळी पानं काढली. त्याच्या आळीत वस्तू कोरी देणं म्हणजे मुलीला लग्नात उघड्या गळ्याने पाठवण्यासारखं.

संचिता मुलीला कडेवर घेऊन आली. झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. आतून पेटी कोरी लागते, रंगाचा वास पानाला लागतो, हे तिला माहीत होतं. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. चंदनने हौसेने विचारलं, कसा काय झाला? ती म्हणाली, फारच सुंदर.

घरी आल्यावर तिने तो रंग स्वतः खरवडला. मुलगी झोपली की विहिरीपाशी जाऊन बसायची, धूळ घराकडे जाऊ नये म्हणून पाठ वाऱ्याला देऊन. हातात पॉलिशपेपर. घासता घासता पुटपुटायची. बाबा, एक सांगू. बाबा, डॉक्टर म्हणाले. बाबा, रागवू नका. जी वाक्यं माणसांना ऐकवायची होती, ती सगळी माझ्या पोटात गेली. पिवळी पानं एकेक करून गेली. तिच्या बोटांना फोड आले. मला वाईट वाटलं, पण मला वाईट वाटतंय हे तिला कळायची काही सोय नव्हती.

नारळी पौर्णिमेला सारंग समुद्राला नारळ देऊन परतले, तेव्हा तिने मला त्यांच्यापुढे ठेवलं. कटर, लायटर, ॲशट्रे, सगळं. आणि पाठ केलेलं बोलली, की पेटी वासापासून लांब ठेवायची असते, म्हणून मांगर झाडून घेतलाय, खुर्चीही तिथे नेऊन ठेवलीय.

सारंगांनी मला दोन्ही हातांनी उचललं. झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्यांना आजवर घरातल्या कुणी त्यांच्या आवडीची वस्तू दिली नव्हती. निरोपाला खलाशांनी घड्याळ दिलं होतं तेवढंच. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने माझं झाकण पुसलं. आणि मग मला घेऊन सरळ माजघरात गेले आणि टीव्हीशेजारच्या फळीवर मधोमध ठेवलं.

सुभद्राबाईंनी दुजोरा दिला. एवढी देखणी वस्तू मांगरात उंदरांपुढे टाकायची? सूनबाईंनी मायेने आणलीय.

आता सांगा, संचिताने काय म्हणावं? ती चहा ठेवायला गेली.

त्यानंतर जे झालं त्याचा दोष मी कुणाला देऊ? मी सुंदर होते, म्हणून सारंग मला दाखवायला लोक बोलावू लागले. पूर्वी एक चिरूट होता, आता पाहुण्यासोबत दुसरा होऊ लागला. चिरूट ताजे, मऊ, न तडकलेले. माझं काम मी चोख करत होते. मुलगी झोपायची त्या खोलीची भिंत माझ्या पाठीला लागून होती. तिच्या छातीतला आवाज मला लाकडातून ऐकू यायचा, आणि रोज थोडा वाढायचा.

धोंडू मला बघायला आले ती दुपार पावसाची. दारं-खिडक्या लावलेल्या. दोघे म्हातारे पडवीत बसले, मग पावसाची झड आत येते म्हणून माजघरात आले. जहाजावरच्या गोष्टी रंगल्या. आतल्या खोलीत आधी खोकला आला, मग खोकला थांबला आणि नुसती शिट्टीसारखी ओढ ऐकू येऊ लागली. संचिताने मशीन लावलं. आणि वीज गेली.

ती मुलीला छातीशी धरून बाहेर आली. धोंडू उठून भर पावसात रिक्षा बघायला धावले. चप्पल शोधताना संचिताने क्षणभर मुलीला सासऱ्यांच्या हातात दिलं. सारंगांच्या एका हातात पेटलेला चिरूट होता, तो त्यांनी समोरच्या पाण्याच्या तांब्यात बुडवला. अक्षयाने आजोबांच्या सदऱ्यावर तोंड टेकलं आणि लगेच मान फिरवली. तिला तिथे श्वास घेता येईना. हात पसरून ती आईकडे झेपावली. ती रुसली असती तर त्यांना समजलं असतं. हे रुसणं नव्हतं.

रिक्षा गेली. सासू बरोबर गेली. सारंग माझ्यासमोर उभेच राहिले. झाकण उघडं होतं, ते मिटायचंही त्यांना सुचलं नाही.

मुलीला दवाखान्यात ठेवून घेतलं. ती सावरली आणि परत आली. घरी आल्यावर तिने पेज खाल्ली. ती झोपल्यावर सारंगांनी सुनेला माजघरात बोलावलं. मला फळीवरून काढून पुढ्यात ठेवलं होतं.

"संचिता, ही पेटी तू माका कित्याक दिलंस?"

"तुमचे चिरूट खराब होयत, म्हणान."

"तां झाला. आणि?"

स्वयंपाकघरात सुभद्राबाईंची पळी थांबली. संचिता माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही चहाचं विचारणार. मी लाकूड असून माझे सांधे आवळले.

"तुमका भायर बसवूक," ती म्हणाली.

सारंगांनी मला जरा बाजूला सारलं. मग हळू म्हणाले, "मगे तोंडान सांगूक काय झाला होता?"

"धीर झालो नाय, बाबा. तुमी रागावला असतात."

"रागावलो असतंय. मगे काय? जहाजार आग लागली तर सारंगाक पेटी भेट देतत काय गो? आग म्हणतत."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने मान खाली घातली नाही. मग म्हातारा खरंच रागावला. आवाज चढवला नाही. उठला आणि छत्री न घेता बागेत गेला. पुढचे काही दिवस तो सुनेशी बोलला नाही. पण त्या दिवसांत पडवीत धूरही झाला नाही. सुभद्राबाई मात्र बोलल्या. भांडी लावता लावता म्हणाल्या, हात सोलून घेतलंस, पण जीभ हलवूक नाय. संचिताने ऐकून घेतलं. मला वाटतं, तिला ते थोडं बरंही वाटलं. निदान कुणीतरी सरळ बोललं.

आमच्याकडे प्रत्येक बागेला राखणदार देव असतो. माडांच्या कडेला एक दगड, त्याच्यापुढे वर्षातून एकदा नारळ, रोट म्हणजे जाड भाकरी, आणि विडी ठेवायची. घरातला मोठा पुरुष गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला होकार भरतात. वर्षाचा तो दिवस अजून लांब होता. तरी त्या रविवारी सारंगांनी आंघोळ करून घरातल्या सगळ्यांना बागेत बोलावलं. मला काखेत घेतलं होतं.

पाऊस थांबला होता. पानांवरून थेंब पडत होते. त्यांनी माझं झाकण उघडून एकूण एक चिरूट दगडापुढे मांडले. लायटर ठेवला. सुभद्राबाईंनी कटर पुढे केलं, तेव्हा म्हणाले, ऱ्हवांदे, देवाक दात आसत. सर्वेशला हसू आलं, पण बापाने हात जोडले होते.

"बा देवा म्हाराजा, बारा वहिवाटीच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा," सर्वेश आणि सुभद्राबाई म्हणाले.

"माज्या घरातलो धूर आज तुज्या पायांकडे हाडून ठेवलंय. तो तू संभाळ. घरात परत धाडू नको."

"व्हय म्हाराजा."

"ह्या चेडवाचो उसास मोकळो कर."

"व्हय म्हाराजा."

ते थांबले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी परत हात जोडले, आणि दगडाकडेच बघत म्हणाले,

"आणि म्हाराजा, माज्या सुनेक तोंड दी. झिलाक तोंड दी. माका कान दी. आमी एकामेकांक भियान रवतंव, तां दूर कर म्हाराजा."

यावेळी झिलाचा, म्हणजे सर्वेशचा, आवाज फुटला नाही. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. होकार न मिळालेलं गाऱ्हाणं तसंच हवेत लोंबकळत राहतं, ते चांगलं नव्हे. मुलीला कडेवर घट्ट धरून संचिता एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

ते सगळ्या बागेला ऐकू गेलं.

आता मी मांगरात असते. संचिताला हवी होती त्याच जागी, फक्त रिकामी. तिने एकदा मला उघडून बघितलं, की मशीनचा मास्क आणि नळ्या ठेवाव्यात का. मग हुंगलं, आणि स्वच्छ शब्दांत सासऱ्यांना सांगितलं की हिच्यात चिरुटाचा वास आहे, चालणार नाही. पूर्वी तिने मला पुन्हा घासत बसण्यात महिना घालवला असता.

अक्षयाचा श्वास अजून अधूनमधून वाजतो. धूर गेला तरी दमट हवा आहे, खारं वारं आहे, आणि तिची छाती जन्मतः नाजूक आहे, असं डॉक्टर म्हणतात. संचिता रोज तिच्या पाठीला कान लावते. काळजी कमी झालेली नाही, पण ती आता एकटीची नाही. कधी सारंगही कान लावतात आणि सुनेला विचारतात, आज कमी वाटता ना गो?

सारंगांनी चिरूट कायमचा सोडला, असं सांगून मला तुम्हाला खूश करता आलं असतं. पण धोंडू दिवाळीला आले तेव्हा एक पुडकं घेऊन आले. मला परत भरतील या भीतीने मी दिवसभर आवळून होते. त्यांनी भरलं नाही. पुडकं धोंडूंनाच परत दिलं, पण त्यातला एक काढून घेऊन किनाऱ्यावर लांब चालत गेले. परतताना विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं, सदरा तिथेच पिळून टाकला, आणि ओल्या अंगाने मागच्या दाराबाहेर उभे राहून हाक मारली. "संचिता, आज एक ओढलंय. चेडवाक माज्याकडे धाडू नको."

आतून ती म्हणाली, "बरा झाला सांगलात. पंचो दारार ठेवतंय."

तेवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी चहा ठेवला नाही.

मी लाकडाची आहे, माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. मी चिरूट नीट सांभाळले, पण ज्यासाठी मला घडवलं ते काम माझ्याच्याने झालं नाही, आणि होणारही नव्हतं. तुमच्या घरातही कुणाला काही सांगायचं राहून गेलं असेल, तर त्यासाठी सुतार गाठू नका. दुसऱ्या खोलीतच आहे ना तो माणूस? जा. चहाचं विचारू नका.